द्विपुष्पी आयरिस आणि तेरा महिन्यांचे वर्ष

जी गोष्ट रोज घडते तिच्याकडे कोणी पाहत नाही, जी वर्षातून एकदा घडते तिचा सण होतो, आणि जी वर्षातून दोनदा घडावी असे वाटते पण एकदाही घडत नाही, तिच्यासाठी संस्था काढावी लागते. कुंभकोणमात आम्ही अशी संस्था काढली. नाव, कुंभकोणम् महाराष्ट्र द्विपुष्पी आयरिस संवर्धक सभा. स्थापना १९८३च्या रामनवमीला, निवृत्त स्टेशनमास्तर मुकुंदरावांच्या ओट्यावर. मी, वेणुगोपाळ, विमा कचेरीतला कारकून, तिचा पहिल्या दिवसापासूनचा चिटणीस. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते सर्व अधिकृत आहे, आणि कोणाला पटले नाही तर त्याने काही बिघडत नाही.

आयरिस हे थंड मुलखातले फूल. जांभळ्या पाकळ्या, त्यांतल्या तीन खाली लोंबणाऱ्या, आणि लोंबणाऱ्या पाकळीवर पिवळी दाढी. (दाढीवाले फूल देवाला चालते का, यावर पहिल्या वर्षी तीन बैठका झाल्या. चालते, पण शुक्रवारी नको, असे ठरले.) जमिनीत आल्यासारखा कंद असतो, आणि थंडीने चांगला कुडकुडल्याशिवाय त्या कंदाला फुलण्याची बुद्धी होत नाही. विलायती लोकांनी नाना खटपटी करून वसंतात एकदा आणि शरदात पुन्हा एकदा फुलणारे वाण तयार केले आहेत. मुकुंदराव स्टेशनमास्तर असताना कोणा प्रवाशाने वेटिंग रूममध्ये टाकलेले बागकामाचे मासिक त्यांच्या हाती लागले, त्यात हे रंगीत चित्रासह छापले होते. तेव्हापासून आयरिस त्यांच्या डोक्यात शिरले. निवृत्तीनंतर त्यांनी ते आमच्याही डोक्यात घातले.

कुंभकोणमात थंडी पडत नाही. मार्गळीत, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून, लोक पहाटे कानाला मफलर गुंडाळतात, पण ते रिवाज म्हणून. मुकुंदरावांचा पुतण्या कोडैकानलला होता, त्याने पोतेभर कंद पाठवले. ते डोंगरावर वर्षातून एकदा फुलणारे होते आणि आमच्याकडे एकदाही फुलणार नव्हते. आधी एकदा फुलवून पाहावे, मग दोनदाचे बोलावे, अशी एका सभासदाने शंका काढली. मुकुंदराव म्हणाले, "एकदा काय, कोणीही फुलवील." शंका मागे घेण्यात आली.

आता वाफ्याचा प्रश्न आला. घरामागे विहिरीपलीकडे नीट ऊन येईल अशी जागा एकच, आणि तिथे मुकुंदरावांच्या पत्नी अंबुजाबाई यांची अबोली होती. ती त्यांनी लग्न होऊन येताना माहेरून, तिरुविडैमरुदूरहून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. आमच्या मराठी बिऱ्हाडांतली एकही मुलगी अंबुजाबाईंच्या अबोलीच्या वेणीशिवाय बोहल्यावर चढलेली नाही. ही अबोली बाराही महिने फुले. म्हणूनच तिच्यात संशोधनाला काही वाव नव्हता, आणि ती उपटण्यात आली. अंबुजाबाईंना ते फार लागले. दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही, असे मला माझ्या बायकोकडून कळले. सभेला तसे काही रीतसर कळवण्यात आले नव्हते.

मुकुंदराव मात्र न्यायी गृहस्थ. पुढच्या रामनवमीचे पानक वाटून झाल्यावर सगळ्या बिऱ्हाडांसमोर त्यांनी शब्द दिला, "क्रोधन संवत्सर सरायच्या आत हे फूल एका वर्षात दोनदा उमललं नाही, तर मी माझ्या हातानं कंद उपटीन आणि वाफा अंबुजेला परत देईन." क्रोधन म्हणजे १९८५च्या युगादीपासून (तुमचा पाडवा) १९८६च्या युगादीपर्यंतचे वर्ष. मुदत भरपूर होती. अंबुजाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्यांनी मान हलवली. (आमच्याकडे बायकांचे मत असे घेतात.)

इथे भाषेविषयी खुलासा करतो. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले, आणि येताना आणलेली मराठी आम्ही अजून पुरवून पुरवून वापरतो. पुण्याचे एक पाहुणे ती ऐकून म्हणाले, तुम्ही सगळे नाटकात काम करता काय? म्हणून या वृत्तान्तात मी तिला धुऊन इस्त्री केली आहे.

सभेचे काम शास्त्रशुद्ध चाले. संकर विभाग रघूत्तमाकडे होता. दिवसा तो कापडाच्या दुकानात गजाने कापड मोजी आणि संध्याकाळी वाफ्याशी बसे. एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला लावण्यासाठी त्याने मद्रासहून मऊ केसांचा ब्रश मागवला होता. यासाठी एका वेळी दोन फुले लागतात आणि आमच्याकडे एकही नव्हते, हा तपशिलाचा भाग होता. दर महिन्याला त्याचा अहवाल येई, "ब्रश उत्तम स्थितीत आहे." १९८४ची आकडेवारी अशी: पाने चारशेच्या वर, बैठका सव्वीस, फुले शून्य, कॉफी मोजलेली नाही. शून्याचे दुप्पट शून्यच, तेव्हा दुप्पट फुलण्याचे उद्दिष्ट एका अर्थी गाठलेच आहे, अशी नोंद करण्याची सूचना रघूत्तमाने मांडली. ती बहुमताने फेटाळली गेली. यावरून सभेचा प्रामाणिकपणा कोणाच्याही ध्यानात यावा.

त्या मार्गळीत मुकुंदरावांनी बर्फाचा उपाय काढला. थंडी कुंभकोणमला येत नसेल तर विकत आणायची. त्या महिन्यात गार सोडा कोणी पीत नाही, त्यामुळे बर्फाच्या कारखान्यात लाद्या पडून असतात. भाताच्या तुसात बुडवलेल्या दोन लाद्या घेऊन पहिली हातगाडी दारात उभी राहिली, आणि गल्लीत एकच शोककळा पसरली. आमच्या गावात घरी बर्फाची लादी येते ती एकाच कारणाने, परगावचा मुलगा पोचेपर्यंत मयत टिकावे म्हणून. शेजारच्या शिवकामी आजी पदराने डोळे पुसत सगळ्यांच्या आधी धावल्या. दार मुकुंदरावांनीच उघडले. आजींनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, "मग कोण?" खुलासा झाल्यावर त्यांना पुष्कळ हायसे वाटले, पण आल्या होत्या म्हणून कॉफी घेऊन गेल्या. त्या दिवशी सांत्वनाला आलेल्यांपैकी चौघे सभेचे सभासद झाले. एकूण संख्या सतरा.

कंदांना बर्फ मानवला. १९८५च्या रामनवमीला सकाळी वाफ्यात एक आयरिस उमलले. खरोखरचे, जांभळे, दाढीसकट. मुकुंदराव धावत आले. त्यांनी रघूत्तमाचा हात धरून त्याला वाफ्याशी आणले. अंबुजाबाईसुद्धा येऊन पाहून गेल्या आणि "चांगलं आहे" म्हणाल्या, कारण ते चांगले होतेच. दोन दिवसांत फूल गळाले.

त्यानंतर सभा दुसऱ्या फुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसली. आषाढ गेला, श्रावण गेला, त्या वर्षी श्रावण अधिक होता म्हणून तो पुन्हा एकदा गेला. दिवाळीत गल्लीभर फटाके फुटले, वाफ्यात काही फुटले नाही. मुकुंदरावांची अन्नावरची वासना उडाली. अंबुजाबाईंचे मात्र वेगळे चालले होते. अबोली उपटली तेव्हा तिची चार रोपे शिवकामी आजींनी आपल्याकडे कुंडीत ठेवली होती. अंबुजाबाई आता रोज दुपारी तिकडे जाऊन फांद्या लावू लागल्या. युगादी जवळ येत होती आणि त्यांचा नवऱ्याच्या शब्दावर विश्वास होता.

मार्गळीत बर्फ पुन्हा घातला होता, त्यामुळे १९८६च्या एप्रिलच्या दुसऱ्या तारखेला आयरिस पुन्हा उमलले. वर्षाने एकदा, ठरल्याप्रमाणे. मुकुंदराव ते पाहून पायरीवर जाऊन बसले. क्रोधन संवत्सर आठवड्याने संपत होते. तीन वर्षे राबून हाती तेच आले होते जे कोणीही फुलवील.

इथे चंद्रमौली पुढे आले. चंद्रमौली हे निवृत्त संस्कृत पंडित आणि सभेचे पंचांगविषयक सल्लागार. (आयरिसच्या सभेला पंचांगविषयक सल्लागार कशाला, असे विचारणाऱ्याने आमच्यात राहून पाहावे.) आम्हा लोकांना वर्षांचा तुटवडा नाही. कचेरीचे वर्ष जानेवारीत लागते, हिशोबाचे एप्रिलच्या पहिल्या तारखेला, शेजारच्या तमिळ घरांचे चित्तिरै महिन्याच्या पहिल्या दिवशी, सूर्याप्रमाणे, आणि आमचे घरचे युगादीला, चंद्राप्रमाणे. चंद्रमौलींनी पंचांग मांडीवर घेतले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "मागलं फूल कधी उमललं? रामनवमीला. म्हणजे क्रोधनाच्या चैत्रात. हे कधी उमललं? फाल्गुनात. कुठल्या संवत्सराच्या? क्रोधनाच्याच. ह्या वर्षाला अधिक मास आहे, तेरा महिने. एका वर्षात दोन वेळा फूल. आणखी काय पाहिजे?"

टाळ्या वाजल्या नाहीत, कारण सगळ्यांचे हात बोटे मोजण्यात गुंतले होते. हिशोब चोख होता. सूर्याच्या वर्षापेक्षा आमचे अधिक मासाचे वर्ष वीसएक दिवसांनी लांब. त्याच्या आरंभी जे वर्षातून एकदा घडते, ते त्याच वर्षाच्या शेवटी पुन्हा घडायला जागा उरते. विलायतेत ज्यासाठी माणसांच्या पिढ्या खपल्या, ते आम्ही एका अधिक श्रावणात साधले होते. कंदाला काही वेगळे करावे लागले नाही. मुकुंदराव पायरीवरून उठले, कॉफी आली, अभिनंदनाचा ठराव झाला आणि वाफा सभेकडे कायम राहिला.

अंबुजाबाई पेले उचलायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मागल्या रामनवमीला एकदा, आणि आता एकदा. आमच्या घरी ह्याला वर्षानं एकदा म्हणतात." मी इतिवृत्तात लिहिले, सौ. अंबुजाबाई यांनी समाधान व्यक्त केले. त्या खरे तर डोळे भरून आल्यामुळे लवकर आत गेल्या. पण इतिवृत्ताला डोळे भरून येणे चालत नाही.

पुढचे संवत्सर क्षय नावाचे होते आणि ते नावाला जागले. १९८७चे फूल एप्रिलच्या सुरुवातीला उमलले, पण त्या वर्षी युगादीच मार्चअखेर येऊन गेली होती. म्हणजे मधल्या अख्ख्या क्षय संवत्सरात वाफ्यात एकही फूल नव्हते. ज्या पंचांगाने दोन दिली त्यानेच शून्य दिले. वार्षिक अहवालात हे लिहावे कसे, या विचाराने माझ्या तोंडचे पाणी पळाले. चंद्रमौलींचे मात्र काही पळाले नाही. ते म्हणाले, फलप्राप्तीच्या वर्षी चांद्र मान धरावे, इतर वर्षी इंग्रजी. इंग्रजी वर्षात निदान एक तरी सापडते. ठराव झाला, "फुलाला अनुकूल ते वर्ष ग्राह्य." मी कारकुनीत पुष्कळ ठराव पाहिले आहेत, पण इतका दयाळू ठराव पाहिलेला नाही.

अंबुजाबाई भांडल्या नाहीत. त्यांनी ठराव स्वयंपाकघरात लागू केला. आमच्यात काही घरे वैष्णव, काही स्मार्त. दोघांची एकादशी कधीकधी एका दिवसाने पुढेमागे होते, आणि शेजारच्या आजींच्या भिंतीवरचे पंचांग आणखी तिसरेच काही सांगते. आजवर त्या घरात एकाच मठाची एकादशी पाळली जाई. आता ज्या पंचांगात उपास असेल ते ग्राह्य, ज्यात पारणे असेल ते अग्राह्य. मुकुंदराव द्वादशी म्हणून पानावर बसले की त्या शांतपणे सांगत, "आज अमक्यांची एकादशी." आणि उपासाच्या घरी पाहुण्यांना कॉफी कशी द्यायची? सभेची बैठक ज्या दिवशी ठरे त्या दिवशी कुठल्या ना कुठल्या पंचांगात उपास निघेच. उपस्थिती सतरावरून चारवर आली. सभा आयरिसवर नसून कॉफीवर चालते, हे त्या निमित्ताने उघड झाले.

मुकुंदरावांनी एकदा समजूत घालून पाहिली. "अंबुजे, फुलं दोनदा आली. सभेनंच ठरवलं."

"ठरवलं ना? मग मीही ठरवलं," त्या म्हणाल्या. "मला सभा नको, फूल नको. माझा वाफा मला परत देईन म्हणून तुम्ही बोललात, सगळ्यांनी ऐकलं. आणि वर्ष मोजायला बसलात तेव्हा कोणी मला विचारलं?"

हा आक्षेप झाला. आणि आक्षेप आला म्हणजे तो कोणी घ्यावा याचा नियम हवा. चार सभासदांच्या त्या कोरड्या बैठकीत चंद्रमौलींनी नियम चौदा मांडला. वर्षाच्या मोजणीविरुद्ध आक्षेप घ्यायचा, अथवा घेतलेला आक्षेप फेटाळायचा, अधिकार फक्त अशा व्यक्तीला, जिचे स्वतःचे वर्ष निर्विवाद आहे, म्हणजेच जिची जन्मतारीख एकच आहे.

यातली खुबी आमच्या बाजूच्या माणसाला सांगावी लागत नाही. आम्ही शाळेत गेलो तेव्हा वडील बोट धरून नेत, हेडमास्तर पोराला उजव्या हाताने डोक्यावरून डावा कान धरायला लावत, हात पोचला की पाच वर्षे पुरी झाली असे समजत आणि जूनची एखादी तारीख घालून टाकत. आमच्या सतरा सभासदांपैकी पंधरा दाखल्याप्रमाणे जूनमध्ये जन्मले आहेत. घरी आईकडे दुसरी तारीख असते, तिच्यावर पत्रिका असते. मुकुंदरावांचे पाहा, त्यांची षष्ट्यब्दी तिरुक्कडैयूरला थाटात झाली तेव्हा ते सरकारी हिशोबाने सत्तावन्न वर्षांचे होते. साठी साजरी करून दुसऱ्या दिवशी ते ड्यूटीवर हजर झाले आणि पुढे वर्षभराने अठ्ठावन्न पुरी करून निवृत्त झाले. त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही, मला तर अजूनही वाटत नाही. थोडक्यात, नियम चौदाप्रमाणे आक्षेप घेऊ शकेल असा माणूस पृथ्वीवर नव्हता. तक्रारीचा नियम असाच असावा लागतो. तो एकमताने संमत झाला.

मी तो मोठ्याने वाचून दाखवत होतो तेव्हा अंबुजाबाई हात पुसत बाहेर आल्या. "पुन्हा एकदा वाचा," म्हणाल्या. मी वाचला.

"मला एकच तारीख आहे," त्या म्हणाल्या.

चंद्रमौली हसले. "दाखल्यावरची की पत्रिकेतली?"

"दाखला कुठला? मला शाळेत घातलंच नाही. पत्रिका केली ती आईनं सांगितलं त्यावरून. तिरुविडैमरुदूरला, तैपूसाच्या पौर्णिमेला, देवाचा रथ निघायच्या आधी. कावेरीला मोठं पाणी आलं त्याच्या पुढच्या तैपूसाला. त्यात घोळ नाही. मी एकदाच जन्मले आहे."

मी सभासदांची यादी पुन्हा चाळली. नियम करताना आम्ही सतराही जणांच्या तारखा तपासल्या होत्या, पण घरातल्या बायका मोजायच्या राहून गेल्या होत्या. चंद्रमौलींनी आक्षेप फेटाळायला पंचांग उघडले आणि मिटले. फेटाळायला एकच जन्मतारीख लागत होती, आणि त्यांचा स्वतःचा जन्म एकदा मार्गळीतला आणि एकदा सात जूनचा.

"मग सांगा, अंबुजे," मुकुंदराव म्हणाले. ते बायकोला अहोजाहो करताना मी तेव्हाच प्रथम ऐकले.

"ते फूल एका वर्षात एकदाच उमलतं," अंबुजाबाई म्हणाल्या. "इतकंच लिहा."

मी लिहिले. त्या संध्याकाळी मुकुंदरावांनी दिल्या शब्दाप्रमाणे आपल्या हाताने कंद उपटले. त्यांना कोणी मदत करू लागला की ते नको म्हणत. शेवटचा कंद हातात धरून ते विहिरीच्या कठड्याशी उभे राहिले. अंबुजाबाईंनी तो कंद त्यांच्या हातातून घेतला, एका गळक्या बादलीत माती भरून लावला आणि बादली सावलीत ठेवली. "ह्याला बर्फ घाला मार्गळीत," त्या म्हणाल्या, "पण एकच लादी." दुसऱ्या दिवशी सकाळी शिवकामी आजींकडून अबोलीची रोपे आली. घरात कॉफी सुरू झाली.

सभा बरखास्त झालेली नाही. बादली आहे तोवर सभा आहे. नियम चौदाही लागू आहे, आणि हा वृत्तान्त वाचून ज्या सुज्ञ वाचकांना आमच्या मोजणीचे हसू आले असेल, त्यांचा आक्षेप सभा आनंदाने विचारात घेईल. सोबत शाळेच्या दाखल्याची नक्कल जोडावी आणि आईने सांगितलेला जन्मदिवस आपल्या अक्षरात लिहावा. दोन्ही जुळल्यास सभा आपले सर्व ठराव रद्द करील. ही सूचना १९८७पासून ओट्यावर टांगलेली आहे. हसून गेलेले पुष्कळ आहेत, आक्षेप अजून एकही आलेला नाही.